घड्याळाच्या काट्यावरचा न्याय

दूरचित्रवाणी-मालिकेवरून बेतलेल्या एका थरारक कादंबरीसाठी या त्रैमासिकाची पाने खर्ची घालावीत काय, असा प्रश्न काही वाचक विचारतील. माझे उत्तर होकारार्थी आहे. अशी पुस्तके आपल्या घरांतील तरुण मंडळी आवडीने वाचतात, आणि ती वाचून जी समजूत मनात घर करते ती वाङ्मयापुरती मर्यादित राहत नाही. ती पुढे मतदाराची, पोलीस अधिकाऱ्याची आणि प्रसंगी न्यायाधीशाचीही समजूत होते.

'ट्वेंटी-फोर' ही अमेरिकन मालिका फॉक्स वाहिनीवर ६ नोव्हेंबर २००१ रोजी सुरू झाली. न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळून तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. एका दिवसाचे चोवीस तास, प्रत्येक तासाचा एक भाग, पडद्यावर सरकणारे घड्याळ आणि दहशतवादविरोधी पथकाचा अधिकारी जॅक बाउअर, अशी तिची मांडणी. आपल्याकडे २०१३ साली अनिल कपूर यांनी तिचे हिंदी रूपांतर आणले. त्यापूर्वी २०१० मध्ये मूळ मालिकेतही त्यांनी भूमिका केली होती. या मालिकेवरून पुस्तके निघाली. त्यांतले 'डीक्लासिफाइड' मालेतील पहिले पुस्तक म्हणजे मार्क सेरासिनी यांची 'ऑपरेशन हेल गेट' ही २००५ सालची कादंबरी. तिच्यातील घटना पडद्यावरील पहिल्या दिवसाच्या आधीच्या आहेत, आणि तिची प्रकरणेही तासांच्या हिशेबानेच पाडलेली आहेत.

वाङ्मयीन आक्षेप प्रथम नोंदवतो. पडद्याला जे साधत नाही आणि कादंबरीला जे साधते, ते म्हणजे माणसाच्या मनात शिरणे. ज्याच्यावर संशय आहे, ज्याचे हात बांधलेले आहेत, त्याच्या मनात काय चालले असेल हे कादंबरीकारच सांगू शकतो. परंतु अशा पुस्तकाचा लेखक हा मालक नसून कूळ असतो. पात्र ज्या स्थितीत कसायला घेतले त्याच स्थितीत त्याला ते परत करावे लागते. पूर्वकथेत नायक मरू शकत नाही, आणि पुढील मालिकेला बाध येईल असा बदलूही शकत नाही. ज्या नायकाला पश्चात्तापाची मुभाच नाही, त्याच्या हातून घडलेल्या क्रौर्याला कादंबरीत वजन कुठून येणार? उरतो तो केवळ वेग.

मी रहस्यकथेचा वैरी नाही. बाबूराव अर्नाळकरांचे झुंझार आणि काळापहाड वाचून आमची पिढी मोठी झाली. बॉम्बस्फोटावर श्रेष्ठ कादंबरी लिहिता येते हेही जोसेफ कॉनरॅडने १९०७ सालीच 'द सीक्रेट एजंट' लिहून दाखविले. लंडनच्या ग्रिनिच उद्यानात १८९४ मध्ये झालेल्या स्फोटाचा तिला आधार आहे. तिच्यात बॉम्बने मरतो तो एक भाबडा मुलगा. आणि त्याच्या बहिणीच्या संसाराची राख वाचकाला पाहावी लागते. तिथे घड्याळ वाचवीत नाही, माणसे आयुष्यातून उठतात.

आता मुख्य आक्षेपाकडे वळतो. या सर्व कथांचा कणा एकच आहे. बॉम्ब कुठेतरी लपविला आहे, तास मोजके उरले आहेत, ठावठिकाणा ठाऊक असलेला माणूस आपल्या ताब्यात आहे. मग त्याचा छळ करावा की नाही? हा प्रश्न एखाद्या तुरुंगाच्या दप्तरात प्रथम सापडत असेल असे वाटते. प्रत्यक्षात त्याला लोकप्रियता मिळवून दिली तीही एका कादंबरीनेच. अल्जीरियातील युद्धावर फ्रेंच लेखक जाँ लार्तेगी यांनी १९६० मध्ये लिहिलेल्या 'ले साँत्युरियाँ' या कादंबरीत हा प्रसंग येतो. म्हणजे कल्पित प्रसंग पुस्तकातून निघाला, पडद्यावर गेला आणि पुन्हा पुस्तकात आला. आणि या फेऱ्यात तो अनुभवसिद्ध असल्याचा भास मात्र निर्माण झाला.

'ही तर करमणूक. तिचा इतका बाऊ कशाला?' असे म्हणणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. नोव्हेंबर २००६ मध्ये वेस्ट पॉइंट या अमेरिकन लष्करी अकादमीचे डीन ब्रिगेडियर जनरल पॅट्रिक फिनेगन अनुभवी चौकशी-अधिकाऱ्यांना बरोबर घेऊन या मालिकेच्या निर्मात्यांना भेटले. छळ कामी येतो ही समजूत मालिकेमुळे तरुण सैनिकांत रुजते आहे, ती दाखविणे थांबवा, असे त्यांचे सांगणे होते. ही तक्रार एखाद्या शांततावाद्याची नव्हती, सेनाधिकाऱ्याची होती. पुढल्याच वर्षी कॅनडातील एका परिषदेत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया यांनी जॅक बाउअरने लॉस एंजेलिस वाचविल्याचा दाखला दिला, आणि कोणते ज्यूरी त्याला दोषी ठरवील असे विचारले. कल्पित नायकाचे कल्पित कृत्य न्यायमूर्तींच्या युक्तिवादात पुराव्यासारखे उभे राहिले.

खरा पुरावा काय सांगतो? इब्न अल-शेख अल-लिबी या अल-कायदाशी संबंधित कैद्याने इजिप्तच्या ताब्यात असताना इराक आणि अल-कायदा यांच्या संबंधांची माहिती दिली. ५ फेब्रुवारी २००३ रोजी कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांपुढे केलेल्या भाषणात ती वापरली गेली. युद्ध झाले. पुढे त्याने आपले कथन मागे घेतले. छळ टाळण्यासाठी ते रचले होते, असे त्याचे म्हणणे होते. डिसेंबर २०१४ मध्ये अमेरिकन सिनेटच्या गुप्तवार्ता समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. अशा पद्धतींनी माहिती मिळविण्याचा मार्ग परिणामकारक ठरला नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. सी.आय.ए.ने तो मान्य केला नाही, हे खरे. पण कादंबरीत दर तासाला येणारे यश त्या हजारो पानांत समितीला सापडले नाही, हेही तितकेच खरे.

आपल्या देशाला तर हे नवे नाही. महसूल-वसुलीसाठी सरकारी नोकर रयतेचा छळ करतात, हे १८५५ च्या मद्रास चौकशी आयोगाच्या अहवालात नोंदलेले आहे. पोलिसांपुढील कबुली आरोपीविरुद्ध पुरावा होऊ शकत नाही, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमात आला आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो कायम आहे. इंग्रजांनी तो दयाबुद्धीने घातला असे मी म्हणत नाही. अशा कबुलीवर विसंबणे धोक्याचे आहे हे त्यांना अनुभवाने कळले होते. 'टाडा', 'पोटा' आणि महाराष्ट्राचा 'मोक्का' या कायद्यांनी त्याला अपवाद केले. त्याचे फलित काय? ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलगाड्यांत स्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे मेली. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने बाराही आरोपींची शिक्षा रद्द केली. त्यांच्या कबुल्या न्यायालयाने विश्वासार्ह मानल्या नाहीत आणि त्या मिळविताना छळ झाल्याचे स्वीकारले. हा निकाल पूर्वदाखला म्हणून धरू नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने त्याच आठवड्यात दिला. अंतिम निवाडा काहीही होवो. एकोणीस वर्षांनंतरही मृतांच्या नातलगांना खात्रीचे उत्तर मिळाले नव्हते, एवढे निर्विवाद आहे. कबुली लवकर मिळाली म्हणून न्याय लवकर मिळत नाही. उलट तपास तेथेच थांबतो, आणि चुकीचा माणूस धरला गेला असेल तर खरा गुन्हेगार मोकळा फिरतो.

माझी नोकरी महसूल खात्यात गेली. कोठडीतील मृत्यूची चौकशी त्या काळी कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे असे. २००५ च्या दुरुस्तीने ती न्यायदंडाधिकाऱ्यांकडे गेली. त्या कागदांतही वेळ काटेकोर लिहावी लागते: अमुक वाजता ताब्यात घेतले, अमुक वाजता मृत आढळला. त्या दोन नोंदींच्या मधले तास कोणत्याही थरारक कादंबरीत येत नाहीत.

आपली घराणी पिढ्यान्पिढ्या परप्रांतात राहिली ती बहुतांशी लेखणीच्या बळावर. दप्तर, जबानी, पंचनामा हे शब्द आपल्या घरांत रोजचे. शिक्षेआधी कागद आणि कागदाआधी पुरावा, ही शिस्त आपण अभिमानाने मिरवतो. मग त्या शिस्तीची टर उडविणारा नायक आपल्याला इतका का आवडावा? भीतीपोटी आवडतो, हे उघड आहे, आणि दहशतवादाची भीती खोटी नाही. परंतु भीती खरी आहे म्हणून तिने सुचविलेला उपाय खरा ठरत नाही.

मराठीत असे लेखन नाही, अशी खंत आपल्या मंडळांतून नेहमी ऐकू येते. ते अवश्य व्हावे. फक्त ते लिहिणाऱ्याने एक करावे: पहिल्या प्रकरणात धरलेला माणूस निरपराध निघू द्यावा, आणि मग घड्याळ चालू ठेवावे. 'हेल गेट' वाचणाऱ्या आपल्या नातवंडांच्या हातून पुस्तक काढून घेण्याची गरज नाही. प्रत्येक तासाच्या शेवटी त्यांना एवढेच विचारावे, की हा माणूस जर तो नसेल, तर?