शिवणाऱ्या हातांना कौतुक नको, काम हवे

मनमाडहून औरंगाबादेकडे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराकडे, येणाऱ्या लोहमार्गावर लासूर स्टेशन हे बाजारपेठेचे गाव आहे. मुलूख कापसाचा. १८८९ साली औरंगाबादेत सूतकापडाची गिरणी उभी राहिली, तेव्हा तीत ७०० कामगार होते. १९०० च्या सुमारास निजामाच्या राजवटीत रेल्वे आली आणि तिच्या पाठोपाठ औरंगाबाद व जालना येथे सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने निघाले. तेव्हापासून आजतागायत एक क्रम मात्र मोडला नाही. या भागातील कापूस गाठींच्या रूपाने बाहेर जातो आणि कापड होऊन, पैका मोजून परत येतो. शेतकऱ्याच्या वाट्याला भावातील चढउतार, मजुराच्या वाट्याला हंगामी काम, आणि मधला सारा नफा दुसऱ्यांच्या पेढ्यांवर, अशी ही व्यवस्था आहे.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीने या व्यवस्थेचे पितळ उघडे पाडले. कापूस पिकविणाऱ्या आणि वस्त्रोद्योगाचा अभिमान मिरविणाऱ्या या देशात डॉक्टर रेनकोट घालून रुग्ण तपासत होते. साथ सुरू झाली तेव्हा देशात एकही पीपीई किट तयार होत नव्हते, अशी कबुली खुद्द पंतप्रधानांनी १२ मे २०२० च्या भाषणात दिली. त्याच भाषणात ‘आत्मनिर्भर’ हा शब्द घरोघर पोहोचला. त्याच्या चारच दिवस आधी, ८ मेच्या पहाटे, याच लोहमार्गावर करमाडजवळ १६ मजूर मालगाडीखाली चिरडले गेले होते. जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारे ते हात घरी जाण्यासाठी रूळांवरून पायी निघाले होते. ज्या देशात हातांना काम नाही आणि काम करणाऱ्यांना अंगावर घालायला संरक्षण नाही, तेथे स्वावलंबन नेमके कोणाचे, हा प्रश्न त्या भाषणाने अनुत्तरितच ठेवला.

या प्रश्नाचे उत्तर गावोगावच्या शिवणयंत्रांनी दिले, हे मान्य केले पाहिजे. बाजार कोलमडला, वाहतूक थांबली, तेव्हा बचतगटांच्या स्त्रियांनी मुखपट्ट्या शिवल्या. जागतिक बँकेने नोंदविल्याप्रमाणे ११ एप्रिल २०२० पर्यंत देशाच्या २७ राज्यांतील सुमारे २० हजार बचतगटांनी १ कोटी ९० लाखांहून अधिक मुखपट्ट्या तयार केल्या होत्या. टाळेबंदी जाहीर होऊन तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. मोठ्या भांडवलाला जे जमले नाही ते विखुरलेल्या, बिनभांडवली, बहुतांशी ग्रामीण स्त्रियांच्या श्रमाने करून दाखविले. स्थानिक उत्पादन हे भाबड्यांचे स्वप्न आहे, असे म्हणणाऱ्या अर्थपंडितांना याहून चोख उत्तर कोणते हवे?

पुढे काय झाले? सत्कार झाले, छायाचित्रे निघाली, ‘मातृशक्ती’चे गोडवे गायिले गेले. आणि मागणी ओसरताच यंत्रे थांबली. नगामागे ठरलेला मोबदला होता तोवर काम होते. करार नव्हता, हमी नव्हती, पुढल्या वर्षाची मागणी नव्हती. संकटात हाक मारायची आणि संकट सरले की विसरायचे, या वागणुकीला स्वावलंबन म्हणत नाहीत. ती शासनाने गरिबांच्या श्रमाची केलेली उसनवारी आहे, आणि ती फेडण्याची दानत कोणी दाखविलेली नाही.

बाजाराच्या हाती सोपविले की सर्व सुरळीत होते, असे सांगणाऱ्यांनी आणखी काही तारखा ध्यानात घ्याव्यात. १३ मार्च २०२० रोजी केंद्राने मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तूंच्या कायद्याखाली आणले. तीनपदरी मास्कची कमाल किंमत १० रुपये ठरविली. ३० जूनला ही मुदत संपली आणि ती वाढविण्यात आली नाही. साथ तेव्हा उतरणीला लागली होती काय? मुळीच नाही. सप्टेंबरमध्ये देशात दिवसाला ९० हजारांहून अधिक नवे रुग्ण सापडत होते. शेवटी ऑक्टोबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाला स्वतःच दर बांधून द्यावे लागले, आणि तेव्हा तीनपदरी मास्कची किंमत ४ रुपये ठरली. १० आणि ४ यांमधील अंतर ज्यांच्या खिशात गेले, ते लासूर स्टेशनच्या बाजारात कापूस विकणारे नव्हते आणि मुखपट्टी शिवणाऱ्या बायाही नव्हत्या.

मार्चमध्ये ज्या देशाकडे पीपीई पोशाख नव्हता, त्याच देशाने जूनअखेर महिन्याला ५० लाख पोशाख निर्यात करण्यास मुभा दिली. कारखानदारीने दाखविलेला हा वेग कौतुकास्पद आहे, यात वाद नाही. वाद आहे तो वाटपाचा. त्याच काळात घरोघर जाऊन ताप मोजणाऱ्या आशांच्या संघटना पुरेसे हातमोजे आणि मास्क मिळावेत म्हणून आक्रोश करीत होत्या. १५ जून २०२१ रोजी महाराष्ट्रातील सुमारे ७० हजार आशांना संप करावा लागला. आठवडाभराने पदरात पडले ते १००० रुपयांची मानधनवाढ आणि ५०० रुपयांचा कोविड भत्ता. उत्पादन वाढले म्हणजे संरक्षण आपोआप तळापर्यंत झिरपते, हा सिद्धान्त आशांच्या उंबरठ्यावर येऊन कोसळला.

परंतु आपल्या बाजूच्या भाबडेपणालाही येथे दोन शब्द सुनावणे भाग आहे. गावात शिवलेले ते सारे उत्तम, अशी भावना काही कार्यकर्त्यांत दिसते. ती घातक आहे. एन-९५ मास्कमध्ये जंतू अडविणारा थर कापसाचा नसतो. तो पॉलिप्रॉपिलीनच्या अतिसूक्ष्म, विद्युतभारित तंतूंचा, मेल्टब्लोन प्रकारचा असतो. ते तंत्र शिवणयंत्रावर साधत नाही. पीपीई पोशाखाचे कापड कितीही चांगले असले तरी सुईने पाडलेल्या भोकांतून द्रव आत शिरतो; म्हणून शिवणीवर उष्णतेने पट्टी चिकटवावी लागते आणि कृत्रिम रक्ताची चाचणी उतरावी लागते. बांगलादेशात ६०० गावांत झालेल्या अभ्यासाने हेच बजावले. मास्कच्या प्रसाराने संसर्ग कमी होतो हे त्यात दिसले. पण स्पष्ट फायदा आढळला तो सर्जिकल मास्कचा, साध्या कापडी मास्कबद्दल तसे खात्रीने सांगता आले नाही. स्वदेशीच्या अभिमानापोटी परिचारिकेच्या अंगावर असुरक्षित वस्त्र चढविणे हा श्रमिकानेच श्रमिकाचा केलेला घात ठरेल.

म्हणूनच ‘स्थानिक की केंद्रित’ हा वाद निष्फळ आहे. कोणते काम कोठे व्हावे आणि कोणाच्या ताब्यात असावे, हा खरा प्रश्न आहे. गाळणीचे कापड मोठ्या कारखान्यातच निघेल. तर मग ते सार्वजनिक मालकीच्या कारखान्यात का निघू नये? १८९७ साली मुंबईत हाफकिनने प्लेगची लस सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारात तयार केली, आणि त्या कामातून उभी राहिलेली संस्था आजही सार्वजनिक आहे. साथीच्या काळातील उत्पादन खासगी नफ्याविना होऊ शकते, याचा पुरावा आपल्याच राज्यात सव्वाशे वर्षे उभा आहे. चाचणीचेही तसेच. २०२० च्या आरंभी पोशाखाचा नमुना तपासणाऱ्या प्रयोगशाळा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, आणि त्यांतील प्रमुख कोईमतूरला. मराठवाड्यातील एखाद्या गटाने पोशाख शिवला तरी तो तपासायला तमिळनाडू गाठायचे, ही स्थिती पुन्हा येऊ देता कामा नये. विभागवार सरकारी चाचणी केंद्रे हवीत.

आणि शिवण्याचे काम तालुक्यात हवे. साथ नसतानाही आरोग्य केंद्रांना चादरी, गाऊन, टोप्या, शस्त्रक्रियेची वस्त्रे आणि बाळंतिणींचे कपडे दरसाल लागतात. लासूर स्टेशनपासून सुमारे ४० किलोमीटरवरचे घाटी रुग्णालय हे साऱ्या मराठवाड्याचे रुग्णालय आहे. तेथील कापडाची गरज एका ठेकेदाराच्या निविदेत का कोंबावी? ती गंगापूर, वैजापूर, पैठण अशा तालुक्यांतील स्त्रियांच्या औद्योगिक सहकारी संस्थांकडे वळवावी. शांततेच्या काळात गाऊन शिवणारा हात संकटात आठवड्याभरात संरक्षक पोशाखाकडे वळू शकतो. कौशल्य गंजू न देण्याचा तो एकच मार्ग आहे. वर्षानुवर्षे बंद पडलेले यंत्र साथीच्या पहिल्या दिवशी चालत नाही.

एवढे पैसे कोठून आणणार, असे विचारले जाईल. १९७२ च्या दुष्काळातही हेच विचारले गेले होते. त्या दुष्काळातून या महाराष्ट्राने रोजगार हमी योजना घडविली आणि १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप दिले. काम ही भीक नसून मागण्याचा हक्क आहे, हे तत्त्व राज्याने तेव्हा मान्य केले. ते खडी फोडण्यापुरतेच का असावे? ज्या शासनाला दुष्काळात मातीकाम देता येते, त्याला साथ येण्यापूर्वी शिवणकामही देता आले पाहिजे.

कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यात आता तीन मागण्या धराव्यात. शासकीय रुग्णालयांच्या कापडखरेदीचा निश्चित वाटा स्त्रियांच्या सहकारी संस्थांना कायमचा राखून ठेवावा. नगावरच्या मोबदल्याऐवजी किमान वेतनाची हमी द्यावी. आणि प्रत्येक विभागात सरकारी चाचणी केंद्र उघडून तालुक्याला प्रमाणित कापडाचा राखीव साठा द्यावा. ग्रामसभेच्या ठरावापासून जिल्हा परिषदेपर्यंत आणि तेथून विधानसभेपर्यंत या मागण्या नेल्या पाहिजेत. पुढची साथ कोणत्या जंतूची असेल हे कोणी सांगू शकत नाही. तिच्यात सर्वांत पुढे उभ्या राहणाऱ्या स्त्रिया कोणत्या घरांतल्या असतील, हे मात्र आपणा सर्वांना ठाऊक आहे.