मोफत रुग्णास दाद कोठे?

वैद्यकीय हयगयीविषयीचा आपला कायदा गेल्या तीन दशकांत बराच पुढे आला, यात शंका नाही. परंतु तो सर्वांस बरोबर घेऊन आला काय, हा खरा प्रश्न आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अंमलात आली. हयगयीने मृत्यू घडविणारास पूर्वी कमाल दोन वर्षांची कैद होती, ती पाच वर्षांची झाली; मात्र उपचार करताना अशी हयगय घडल्यास नोंदणीकृत डॉक्टरांपुरती ती दोनच वर्षांची राहिली. डॉक्टर मंडळींस झुकते माप मिळाले, ही त्यावरील कुरकुर आम्हांस पटत नाही. घोर हयगय असल्यावाचून डॉक्टरांवर फौजदारी चालवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ सालीच सांगितले आहे. तुरुंगाच्या भयाने हात आखडून घेणारा शल्यविशारद रोग्याच्या काय कामाचा? पण डॉक्टरांस तुरुंगापासून जपावयाचे, तर रोग्याच्या नुकसानभरपाईची वाट तितकीच मोकळी हवी. खरे वैगुण्य तेथे आहे.

पैसे मोजणाऱ्या रोग्यास ती वाट १३ नोव्हेंबर १९९५ च्या शांता खटल्यातील निर्णयाने मिळाली. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आली. २०१९ च्या नव्या कायद्याने तर तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाद मागण्याची सोय केली. हिवरखेडचा शेतकरी नागपूरच्या खासगी रुग्णालयाविरुद्ध अकोल्याच्या जिल्हा आयोगापुढे दोन वर्षांच्या आत जाऊ शकतो. उपचारास मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर त्यास शुल्कही पडत नाही.

परंतु त्याच हिवरखेडची शेतमजूर स्त्री, जवळ पैसा नाही म्हणून, सर्वांस मोफत उपचार देणाऱ्या सरकारी रुग्णालयात गेली आणि तेथे हयगय झाली, तर? हा दरवाजा तिला बंद आहे. नाममात्र नोंदणी शुल्क भरल्यानेही ती ‘ग्राहक’ ठरत नाही, असे त्याच निर्णयात म्हटले आहे. तिला दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते. ती किती उंच असते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १९६३ साली औरंगाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलात बाळंतपणासाठी आलेल्या एका स्त्रीच्या पोटात शस्त्रक्रियेच्या वेळी टॉवेल राहिला आणि ती दगावली. दिवाणी न्यायालयाने ३६,००० रुपये भरपाई दिली. उच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला. सर्वोच्च न्यायालयाने तो २० फेब्रुवारी १९९६ रोजी पुन्हा कायम केला. म्हणजे तेहतिसाव्या वर्षी! शांता निर्णयानंतर अवघ्या तीन महिन्यांनी आलेल्या या निकालाने सरकारची जबाबदारी निःसंशय मान्य केली. पण ती वसूल करण्याचा जलद मार्ग मात्र दाखविला नाही.

सरकारी डॉक्टर आधीच कामाच्या ओझ्याने वाकलेले, त्यांच्यावर हे नवे संकट कशाला, असे कोणी म्हणेल. पण भरपाई देणे डॉक्टरांच्या नव्हे, तर शासनाच्या शिरावर आहे. औरंगाबादच्या खटल्याचा अर्थच तो. उलट, रिकाम्या जागा आणि अपुरी साधने यांची किंमत तिजोरीतून मोजावी लागली, म्हणजे त्या जागा भरण्याची निकडही शासनास भासेल. आज ती किंमत रोगीच मोजतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. ग्राहक कायद्यातील ‘मोफत सेवा’ हा अपवाद सरकारी रुग्णालयांपुरता काढून टाकावा. ते जमत नसेल, तर राज्याने जिल्ह्याजिल्ह्यांत न्यायाधीश व तज्ज्ञ डॉक्टर यांचे मंडळ नेमून भरपाईचा निर्णय ठरावीक मुदतीत द्यावा. ज्याच्या हाती पावती आहे त्यास न्याय जवळ, आणि जो रिक्तहस्ते आला त्यास दूर, ही स्थिती कल्याणकारी म्हणविणाऱ्या राज्यास शोभत नाही. सरकारी रुग्णालयाचे उपचार हे दान नव्हे. जनतेच्या कराच्या पैशांतून चालणारे ते कर्तव्य आहे, आणि कर्तव्यात कसूर झाली तर जाब हा द्यावाच लागतो.