पेटीतला दोन माशांचा बिल्ला

बायांनो, सण जवळ आला की आपण घर झाडायला काढतो आणि माळ्यावरच्या जुन्या पेटीवर नजर जाते. उगाच जागा अडवते म्हणून ती रिकामी करतो. आज त्या पेटीबद्दलच चार शब्द सांगायचे आहेत. त्यात एक चूक माझी आहे, ती लपवत नाही.

माझे थोरले दीर नौदलात होते, तेही पाणबुडीवर. माणदेशात आमच्याकडे उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसतो. त्या गावचा गडी समुद्राच्या पोटात नोकरी करून आला. पंधरा वर्षांनी घरी आले, बैलजोडी धरली आणि शेतकरी झाले. नोकरीबद्दल मात्र अवाक्षर काढायचे नाहीत. कितीही थंडी असो, बंद खोलीत झोपायचे नाहीत. खळ्यात बाज टाकायचे. घागरभर पाणी कुणी सांडले तर घर डोक्यावर घ्यायचे. विहिरीवरच्या इंजिनाच्या खोलीत डिझेलचा वास आला की क्षणभर गप्प उभे राहायचे. जाऊबाई म्हणायच्या, "नोकरीनं माणूस इचित्र झालंय."

भावजी गेले. मागे एक काळी लोखंडी पेटी राहिली. तिच्यावर पांढऱ्या रंगात त्यांचे नाव आणि नंबर. आत लोकरीचा काळा कोट, पांढरे कपडे, सोनेरी अक्षरांच्या फितीची टोपी, लाकडी ढालीवरचे पाणबुडीचे चिन्ह, रशियातल्या बर्फात काढलेला फोटो आणि एकीच्या पोटात एक बसणाऱ्या लाकडी बाहुल्या. बाहुल्या पोरांनी खेळून हरवल्या. आणि एके दिवशी दारात बोहारीण आली. जाऊबाई माहेरी होत्या. कसर लागलेला कोट आणि पिवळे पडलेले कपडे मी तिला देऊन टाकले आणि स्टीलचे पातेले घेतले. त्या कोटावर दोन माशांचा बिल्ला टोचलेला होता. मला वाटले, असेल शोभेचा. जाऊबाई परत आल्या, पेटी उघडून पाहिली, काही बोलल्या नाहीत.

पुढे काही वर्षांनी आम्ही जगन्नाथपुरीची यात्रा केली. वाटेत विशाखापट्टणमला मुक्काम पडला. तिथे समुद्रकाठी वाळूवर एक खरीखुरी पाणबुडी उभी आहे. नाव कुरसुरा. १९६९ साली सोव्हिएत रशियातून आपल्या नौदलात आली, १९७१ च्या युद्धात अरबी समुद्रात गस्तीवर होती, २००१ साली निवृत्त झाली. पुढच्याच वर्षी ती ओढून किनाऱ्यावर आणली आणि लोकांना पाहायला खुली केली. जाऊबाई नाव ऐकून थबकल्या. पेटीतल्या ढालीवर हेच नाव होते.

आत गेलो. लांबी सुमारे तीनशे फूट, पण रुंदी एवढी की दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने अंग चोरावे. एका दालनातून दुसऱ्यात जायला गोल भोक. पाय उचलून, मान वाकवून शिरायचे. अशा जागेत पाऊणशे माणसे राहत. झोपायला एकावर एक टांगलेल्या अरुंद फळ्या. दाखवणाऱ्या माणसाने सगळे समजावून सांगितले. डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून ते पाणबुडी वर आल्यावर, नाहीतर हवेची नळी पाण्याबाहेर काढूनच चालवायचे. त्यावर मोठमोठ्या बॅटऱ्या भरून घ्यायच्या आणि खोल पाण्यात त्या बॅटऱ्यांवर मोटार चालवायची. डिझेलचा वास कपड्यांत, अंथरुणात, जेवणातही. गोडे पाणी मोजून मिळायचे; अंघोळ म्हणजे चैन. चोहीकडे समुद्र आणि तोंड धुवायला पाणी नाही!

जाऊबाईंनी एका फळीवरून हात फिरवला. म्हणाल्या, "ह्या असल्या जागंत झोपायचे व्हय? म्हणून खळ्यात जायचे. आणि मी आपली चाळीस वर्सं रागं भरत हुते." बाहेर येऊन त्या वाळूवर बराच वेळ बसल्या.

तिथेच मला कळले, दोन डॉल्फिन माशांचा तो बिल्ला शोभेचा नव्हता. पाणबुडीचे शिक्षण घेऊन, परीक्षा उतरल्यावरच तो छातीवर लागतो. मी तो एका पातेल्यावारी घालवला होता.

घरी आल्यावर नातवाने चंग बांधला. शहरात अशा वस्तू जमवणारे हौशी लोक असतात; त्यांच्याकडून तसाच बिल्ला विकत आणतो म्हणाला. जाऊबाईंनी त्याला सांगितले, "दुसऱ्याच्या छातीवरचा बिल्ला आपल्या काय कामाचा? हाये ते गोळा कर." मग त्याने भावकीत फिरून विचारले. टोपी चुलत घरी धान्याच्या कणगीवर सापडली. नणंदेने भावाची तीन पत्रे आणून दिली. एका म्हाताऱ्या मित्राला फोटोतली सहा नावे आठवली. आज ती पेटी पुन्हा भरते आहे आणि तिच्यात एक वहीही आहे.

तेव्हा बायांनो, तुमच्या घरी अशी पेटी असेल, मग ती पाणबुडीची असो, पलटणीची असो की गिरणीची, तर एवढे करा. पेन्शनचे आणि नोकरीतून सुटल्याचे कागद आधी वेगळे काढून जपा. ते केव्हाही लागतात. काही अडले तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. बिल्ले, पदके चिंचेने किंवा राखेने घासू नका. वरचा मुलामा निघून जातो. कोरड्या मऊ फडक्याने पुसले की पुरे. लोकरीचे कपडे सावलीत वारा देऊन, जुन्या सुती धोतरात गुंडाळून ठेवा. फोटो खळीने चिकटवू नका. मागे शिसपेन्सिलीने हलक्या हाताने नावे लिहा. पावसाळ्यात पेटी जमिनीला टेकू देऊ नका, खाली विटा लावा. आणि सर्वांत महत्त्वाचे, वस्तू कुणाची, कुठून आली, ते वहीत लिहा. सांगणारे माणूस आहे तोवरच हे काम होते.

आमचा कुरसुरा रशियात बांधलेली. आता मुंबईत माझगाव गोदीत पाणबुड्या तयार होतात. त्यांतली एक खांदेरी, २०१९ साली नौदलात आली. शिवाजी महाराजांनी १६७९ साली थळच्या समुद्रात बांधायला घेतलेल्या जलदुर्गाचे ते नाव. त्यांवरही कुणाच्या घरची मुले असतील. ती घरी येतील तेव्हा, ती गप्प असली तरी, तुम्ही विचारा.

ते पातेले अजून माझ्या चुलीवर आहे. दूध तापवताना रोज दिसते. जाऊबाई परवा म्हणाल्या, "टाकू नगंस ते. तेबी त्या पेटीतलंच हाये." नातवाने वहीत त्याचीही नोंद केली आहे.