पंचवीस कांद्यांचे वाटे

परवा इथे कळवणात एका ऑनलाइन सेवा केंद्रात नाव शोधत होतो. आडनावापुढे गाव लिहायला कंस उघडला, तो मिटायच्या आतच पान पांढरं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, सर्व्हर डाऊन आहे." पाऊस आला की वीज जाते, तसाच हा सर्व्हरही जातो!

माझा संशय वेगळा आहे. गिऱ्हाईक टाइप करील ते जसंच्या तसं रेजेक्समध्ये, म्हणजे मजकूर शोधायच्या सांकेतिक नमुन्यात, ओतलं असणार. तिथे कंस म्हणजे हुकूम. पायथॉनमध्ये 'रे.एस्केप', जावात 'पॅटर्न.कोट' लावलं की कंस नुसता कंस राहतो.

कंसाचं दुखणं निदान लगेच दिसतं. खरा घात होतो तो 'एक किंवा अधिक' ही खूण असलेल्या गटावर पुन्हा तीच खूण लावल्यावर. बाजारात वाटे लावणारी मावशी घ्या. ओळीत पंचवीस कांदे, शेवटी एक बटाटा. अट एवढीच, की सगळी ओळ कांद्यांची हवी, वाटे कसेही पाडा. मावशी बटाटा बघून ओळ नाकारील आणि चहा मागवील. मागे फिरणारं रेजेक्स इंजिन मात्र म्हणतं, माझे वाटेच चुकले असतील. मग चोवीस आणि एक, तेवीस आणि दोन, तेवीस आणि एकेक... असे 1,67,77,216 प्रकार. तीस कांदे असले तर 53 कोटींच्या वर. बटाटा बटाटाच राहतो. सेवा बंद पाडू पाहणाऱ्या हल्लेखोराने फक्त कांदे वाढवायचे.

20 जुलै 2016 रोजी प्रोग्रामरांची प्रश्नोत्तरांची साइट असलेलं स्टॅक ओव्हरफ्लो 34 मिनिटं बंद पडलं, तेही हल्ल्याविना. कुणाच्या तरी मजकुरात सुमारे 20,000 रिकाम्या जागा होत्या आणि त्या छाटायला ठेवलेलं साधं रेजेक्स वीसेक कोटी तपासण्यांत अडकलं. 2 जुलै 2019 ला इतरांच्या वेबसाइटी राखणारं क्लाउडफ्लेअर 27 मिनिटं कोलमडलं, ते स्वतःच्याच सुरक्षा-नियमातल्या रेजेक्समुळे. राखणदारानेच वेस अडवली!

यावरचा उपाय जुनाच आहे. संगणकशास्त्रज्ञ केन थॉम्पसनने 1968 मध्येच रेजेक्स जुळवताना सगळ्या शक्यता एकदम पुढे नेणारी, मागे न फिरणारी रीत छापली होती. गूगलचं आरई-2 हे रेजेक्स इंजिन त्याच वाटेचं. आधी जुळलेला तुकडा पुढे पुन्हा जुळवायची सोय त्यात नाही, पण नाव शोधायला ती लागते कुणाला? शिवाय इनपुटच्या लांबीला मर्यादा घाला, हे तर फुकटातलं काम.

हे सगळं त्या मुलाला कागदावर लिहून दिलं. "कंपनीला कळवतो," म्हणाला. शुक्रवारी गेलो, तर काचेवर चिठ्ठी: 'नावात कंस टाकू नये.'