ॲप म्हणतं चालू, आजी म्हणते बंद

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. बडोद्याचं ऊन तुम्हाला सांगायला नको. मी मकरपुऱ्यात ऑफिसात, आजी दांडिया बाजारच्या घरी एकटी. वय ८२. रिमोटवरची अक्षरं तिला दिसत नाहीत, म्हणून मी एसीसमोर छोटं स्मार्ट मॉड्यूल बसवलं होतं. दर तासाला फोनवर बघायचे. ‘चालू, २६ अंश.’ मी निश्चिंत.

सहाला घरी आले तर आजी घामाने निथळलेली, पुठ्ठ्याने वारा घेत बसलेली. एसी बंद.

“अगं, फोन नाही का करायचा?”

“मला वाटलं, बिल वाचवायला तूच बंद केलास.”

त्या वाक्याने मला रात्री झोप लागली नाही.

आधी वाय-फायवर संशय घेतला. ते ठीक होतं. मग मॉड्यूलवर. त्याची एक सोपी परीक्षा आहे: फोनचा कॅमेरा त्याच्यासमोर धरायचा आणि ॲपमधून बटण दाबायचं. सिग्नल जात असेल तर स्क्रीनवर जांभळट चमक दिसते (मागच्या कॅमेऱ्याने नाही दिसली तर सेल्फीच्या कॅमेऱ्याने बघा). चमकलं. एसीनेही ‘बीप’ केलं आणि तो सुरू झाला. म्हणजे बिघाड कुठेच नव्हता!

मग आजीनेच सांगितलं, दुपारी दहा मिनिटं लाइट गेली होती. लाइट आल्यावर एसी बंदच राहिला. आणि असं बाहेरून लावलेलं मॉड्यूल म्हणजे साधा रिमोटच. ते इन्फ्रारेडने हुकूम सोडतं, एसीचं उत्तर त्याला ऐकू येत नाही. आपण शेवटचं जे सांगितलं, तेच ते ‘चालू’ म्हणून दाखवत बसतं. एसीच्या आतच जोडलेलं मॉड्यूल असेल तर ते खरी स्थिती कळवतं. हा फरक दुकानदाराने मला सांगितला नव्हता, मीही विचारला नव्हता.

दोन गोष्टी केल्या. एसीच्या पुस्तिकेत ‘ऑटो रिस्टार्ट’ शोधून ते सुरू केलं. आता लाइट आली की एसी आपोआप सुरू होतो. शिवाय खोलीत वाय-फायचा थर्मामीटर ठेवला, तापमान ३१ च्या वर गेलं की माझा फोन वाजतो. तो जोडताना अर्धा तास गेला, कारण फोन ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर होता आणि अशा बहुतेक उपकरणांना फक्त २.४ कळतं. राउटरमध्ये दोन्हींची नावं वेगळी केली, की लगेच जोडला गेला.

आणि रिमोटच्या चालू-बंद बटणावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. हे खरं तर पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. आता दुपारी दोनला आजीचाच फोन येतो, “मी लावलाय गं एसी. तुझं यंत्र काय म्हणतंय?”