कॉर्डलेस व्हॅक्यूम घ्यावा की फरशी धुणारं मशीन? रील्समध्ये न दिसणारा फरक

रील साधारण सारखंच असतं. पांढऱ्या टाइल्सवर मुद्दाम सॉस, दूध आणि चिवडा सांडलेला असतो. एक उभं मशीन त्यावरून एकदाच फिरतं आणि मागे चकचकीत पट्टा उमटतो. खाली कमेंट्समध्ये ‘लिंक पाठवा’ची रांग. पुढचं दृश्य मात्र रीलमध्ये येत नाही. मशीनच्या पोटात जमलेलं सॉस-दुधाचं पाणी कुणीतरी मोरीत नेऊन ओतायचं असतं, टाकी विसळायची असते, रोलरमधले केस ओढून काढायचे असतात. पावसाळ्यात हे एक दिवस जरी राहून गेलं, तरी दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये कुबट वास सुटतो.

कॉर्डलेस व्हॅक्यूम आणि फरशी धुणारं मशीन या दोन्हींच्या जाहिराती सेलच्या दिवसांत एकामागोमाग एक दिसतात. दोन्ही दांड्यासारखी उभी, दोन्ही बॅटरीवर चालणारी, दोन्हींची किंमत काही हजारांपासून अर्ध्या लाखाच्या पुढे जाणारी. त्यामुळे एक घेतलं की दुसऱ्याचंही काम होईल, असा अनेकांचा समज होतो. तसं होत नाही, आणि हे बहुतेकांना पैसे भरल्यावर कळतं.

ही मशीनं आताच एवढी का दिसू लागली?

व्हॅक्यूम क्लीनर मराठी घरांना नवा नाही. १९८२ मध्ये सुरू झालेल्या युरेका फोर्ब्सचे टाय लावलेले सेल्समन सोसायट्यांमध्ये दारोदार फिरायचे, गादीतून निघालेली धूळ पांढऱ्या कापडावर दाखवायचे आणि घरातले थक्क व्हायचे. त्यातले बरेच क्लीनर नंतर माळ्यावर गेले. ते जड होते, वायर पुरत नसे, आवाज मोठा. आणि मुख्य म्हणजे आपल्याकडे गालिचे नव्हते. केरसुणीने दहा मिनिटांत होणाऱ्या कामासाठी माळ्यावरून मशीन कोण उतरवणार?

लिथियम-आयन बॅटरी आणि छोट्या, प्रचंड वेगाने फिरणाऱ्या मोटर्स यांनी वजन आणि वायर हे दोन्ही प्रश्न सोडवले. २०१८ मध्ये डायसनने मिनिटाला सव्वा लाख फेरे घेणारी मोटर असलेलं मॉडेल आणलं आणि यापुढे वायरचे नवे व्हॅक्यूम विकसित करणार नाही, असं जाहीर केलं. त्याच वर्षी जुलैमध्ये भारतात व्हॅक्यूम क्लीनरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. (२०२५ च्या सप्टेंबरमधल्या जीएसटी कपातीचा दाखला देत ‘व्हॅक्यूम स्वस्त झाले’ असं सांगणारा फॉरवर्ड आला, तर तो सोडून द्या. व्हॅक्यूम त्याआधीच १८ टक्क्यांत होते.)

फरशी धुणारी मशीनं त्यानंतरची. आणि ती मात्र टाइल्सच्या घरांसाठीच बनलेली आहेत.

दोघांचं काम वेगळं कसं?

कॉर्डलेस व्हॅक्यूम हवा ओढतो. हवेबरोबर धूळ, केस, पोह्याचे दाणे आत जातात, चक्राकार फिरणाऱ्या हवेतून जड कचरा डब्यात पडतो आणि बारीक धूळ फिल्टरमध्ये अडकते. त्याला पाणी चालत नाही. सांडलेल्या चहावर तो फिरवला तर ओलावा फिल्टर आणि मोटरपर्यंत जातो, आणि वॉरंटीही बहुधा हातची जाते.

फरशी धुणाऱ्या मशीनमध्ये दोन टाक्या असतात, एक स्वच्छ पाण्याची, दुसरी घाण पाण्याची. स्वच्छ पाणी फिरत्या रोलरवर सोडलं जातं, रोलर फरशी घासतो, घाण पाणी ओढून दुसऱ्या टाकीत जातं. काही मॉडेल्समध्ये हवेचा झोतही नसतो. डायसनचं वॉशजी१ फक्त रोलर आणि खरवडणाऱ्या पट्ट्यांवर चालतं. मूळ कल्पना एकच: बादलीत तेच फडकं पुन्हा पुन्हा बुडवून गढूळ पाणी घरभर पसरवण्याऐवजी रोलरवर सतत ताजं पाणी.

हा फरक मोठा आहे. हॉल, मग स्वयंपाकघर, मग बेडरूम अशा क्रमाने एकाच बादलीत लादी पुसली, तर शेवटच्या खोलीत आपण काय पसरवतो ते बादलीकडे पाहून कळतं. इथे ओलं मशीन निर्विवाद सरस ठरतं.

पण ते फक्त मोकळ्या, सपाट फरशीवर चालतं. गादी, सोफा, पडदे, पंख्याची पाती, खिडकीचे स्लायडिंग रूळ, कोपऱ्यातली जळमटं, गाडीच्या सीट यांपैकी कशालाही ते हात लावत नाही. धुळीची ॲलर्जी असलेल्या माणसाचा त्रास अनेकदा गादी-उशीतल्या सूक्ष्म कोळ्यांमुळे असतो, आणि तिथे पोहोचतो तो व्हॅक्यूमच. फिल्टर चांगला असेल तरच, हेही खरं. ‘हेपा’ आणि ‘हेपा-टाइप’ यांत एका शब्दाचा फरक दिसतो, पण दुसऱ्यामागे कुठलंही ठरलेलं मानक नसतं. युरोपीय मानकातला एच१३ दर्जाचा फिल्टर अडवायला सर्वांत अवघड असलेल्या आकाराचे ९९.९५ टक्के कण अडवतो. तरीही मशीनच्या सांध्यांतून हवा निसटत असेल, तर नुसत्या फिल्टरचा उपयोग नाही.

पास्कल आणि मिनिटं

जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरात दोन आकडे असतात: इतके हजार पास्कल आणि ६० मिनिटं. दोन्ही खोटे नसतात, पण दोन्ही फसवतात.

पास्कल म्हणजे दाब. स्ट्रॉच्या तोंडावर बोट ठेवून जोरात ओढलं तर दाब भरपूर तयार होतो, सरबत मात्र येत नाही. मशीनचा पास्कलचा आकडाही बहुधा असाच, तोंड पूर्ण बंद करून मोजलेला असतो. कचरा उचलण्यासाठी दाबाबरोबर वाहणारी हवाही लागते. म्हणून दाब आणि हवेचा प्रवाह दोन्ही धरणारा ‘एअर वॉट’ हा आकडा जास्त कामाचा. तो छापलेला नसेल तर का नाही, हे विचारायला हरकत नाही. टाइल्सवर तर ब्रश कसा आहे याला ओढण्याच्या ताकदीइतकंच महत्त्व असतं. कडक ब्रश रव्याचे दाणे पुढे उडवतो, मऊ रोलर ते आत घेतो.

मिनिटांचं गणित घरीही करता येतं. समजा बॅटरी २१.६ व्होल्टची आणि २,५०० एमएएचची आहे. दोन्हींचा गुणाकार केला की ५४ वॉट-तास ऊर्जा मिळते. मोटर ४५० वॉटची असेल तर पूर्ण ताकदीवर ती जेमतेम ७ मिनिटं चालेल. ६० मिनिटं चालायची तर सरासरी ५४ वॉटच वापरता येतील. म्हणजे जाहिरातीतली ताकद आणि जाहिरातीतली मिनिटं एकाच वेळी मिळत नाहीत. मधल्या वेगावर १५-२० मिनिटं मिळाली तरी ६०० चौरस फुटांच्या टू बीएचकेला पुरतात. त्याहून मोठ्या घराला दुसरी बॅटरी लागते.

विजेची चिंता मात्र नको. रोज एकदा पूर्ण चार्ज केलं तरी महिन्याला दोन युनिटच्या आसपास. खरा खर्च बॅटरी बदलण्याचा. लिथियम-आयन बॅटरीची क्षमता साधारण ३०० ते ५०० पूर्ण चार्जनंतर लक्षात येण्याइतकी उतरते. रोज वापरणाऱ्या घरात हा टप्पा दीड वर्षाच्या आतही येऊ शकतो. बॅटरी खटकन निघते की आत स्क्रूने बसवलेली आहे, हे म्हणूनच आधी पाहायचं.

आपल्या घरातला कचरा नेमका कुठला?

परदेशी रिव्ह्यूंमध्ये गालिचा आणि कुत्र्याचे केस असतात. इथला कचरा वेगळा आहे. फोडणीचे उडालेले थेंब, जेवणानंतर ताटाभोवती पडलेली शितं, अगरबत्तीची राख, चपलांबरोबर आलेली माती, आणि शेजारच्या इमारतीचं रीडेव्हलपमेंट चालू असेल तर खिडकीतून येणारी सिमेंटची पूड.

तेलकट, चिकट, ओलं सगळं ओल्या मशीनचं. राख, रांगोळी आणि सिमेंटची पूड मात्र दोघांनाही जड जाते. इतकी बारीक पूड व्हॅक्यूमचा फिल्टर पटकन बुजवते, आणि पाण्यात मिसळून रोलरवर तिचा चिखल होतो. दिवाळीनंतर दारातली रांगोळी आधी सुपलीत भरून घेतलेली बरी, इतकं साधं आहे ते.

गॅलरीतल्या पारव्यांच्या वाळक्या विष्ठेबद्दल वेगळं सांगायला हवं. २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्यावरून मुंबईत मोठा वाद झाला, तेव्हा या विष्ठेमुळे होणारे फुप्फुसांचे आजार बातम्यांत आले. ती कोरडी झाडू नये, आणि घरगुती व्हॅक्यूमने तर नकोच, कारण साध्या फिल्टरमधून बारीक कण परत हवेत येतात. मास्क लावून, आधी पाण्याने भिजवून मग काढायची.

फरशी कुठली, हेही पाहावं लागतं. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर ओलं मशीन उत्तम चालतं. जुन्या घरातल्या शहाबादी फरशीच्या खडबडीत सांध्यांत मात्र रोलर नीट टेकत नाही आणि पाणी मागे राहतं. क्षाराचं बोअरचं पाणी असेल तर पाणी सोडणारी छिद्रं हळूहळू बुजतात. टाकीत फिनेल ओतायची सवय महागात पडते, ते बहुतेक कंपन्यांना चालत नाही. फेस झाला तर पाण्याची पातळी ओळखणारा सेन्सर गोंधळतो.

केर-लादी करणार कोण?

खरेदीमागचं खरं कारण पुष्कळदा इथे असतं. कामाला येणाऱ्या ताई सुट्टीवर गेल्या, पगार वाढवून मागितला, किंवा नव्या शहरात कुणी मिळतच नाही. अर्बन कंपनीने २०२५ मध्ये मुंबईत १५ मिनिटांत घरकामाला माणूस पाठवणारी सेवा आणली, ती याच गरजेवर. तिच्या ‘इन्स्टा मेड्स’ या नावावर टीका झाल्यावर ते ‘इन्स्टा हेल्प’ केलं गेलं.

मशीन ताईंची जागा घेतं का? भांडी, बाथरूम, कपडे वाळत घालणं हे कुठल्याच दांड्याला जमत नाही. केर-लादीचं वेगळं काम मात्र जाऊ शकतं, आणि घरटी कामानुसार पैसे घेणाऱ्या बाईसाठी ती थेट कमाईतली घट असते. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे, पण एखाद्या घराने एक काम कमी केलं तर त्याची भरपाई कुठे नसते. काही घरं मशीन घेऊन ते ताईंच्याच हातात देतात. उकिडवं बसून लादी पुसण्यापेक्षा गुडघ्यांना ते नक्कीच बरं, फक्त टाकी आणि रोलर धुण्याचा वेळही त्यांच्या कामात धरायला हवा.

ज्या घरात मदतनीस नाही, तिथे वाटणीचा प्रश्न येतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या टाइम यूज सर्व्हेनुसार, बिनपगारी घरकाम करणाऱ्या महिला त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटं. बटण दाबून फरशीवर मशीन फिरवायला घरातले पुरुष आणि मुलंही हौसेने पुढे येतात. घाण पाण्याची टाकी कुणाच्या वाट्याला येते, ते दोन आठवड्यांत कळतं.

मग घ्यायचं काय?

रोज केर-लादी करणारं कुणी येत असेल, तर ओल्या मशीनवर मोठी रक्कम घालण्यात फारसा अर्थ नाही. गाद्या, सोफा, पंखे आणि गाडीसाठी कॉर्डलेस व्हॅक्यूम घ्यावा. वायरची अडचण नसेल तर साधा वायरचा घेतला तरी चालतो, तो स्वस्त पडतो आणि बॅटरीचं लचांड नाही. घरात कुणीच येत नसेल, फरशी गुळगुळीत असेल आणि रोज टाकी धुण्याची तयारी असेल, तर ओलं मशीन रोजचे कष्ट खरोखर वाचवतं. लांब केसांची माणसं जास्त असतील तर केस गुंडाळले न जाणारा रोलर पाहावा. ज्येष्ठ नागरिक एकटे राहत असतील तर वजन आधी उचलून पाहावं. कॉर्डलेस व्हॅक्यूम साधारण अडीच-तीन किलोचा असतो, ओलं मशीन पाण्यासह पाच किलोच्या आसपास जातं. चाकांमुळे ते ढकलायला हलकं वाटतं, पण उंबरठा आला की उचलावंच लागतं.

पलंग आणि दिवाणाखालची उंची मोजून ठेवावी. सगळीच मशीनं पूर्ण आडवी होत नाहीत. ओल्या मशीनचा डॉक ठेवायला सॉकेटजवळची हवेशीर जागा लागते, आणि मुंबईच्या वन बीएचकेत ती शोधणं हेच अर्धं काम असतं.

सर्व्हिस सेंटर आपल्या पिनकोडवर आहे का, रोलर आणि फिल्टर सुटे मिळतात का, हे ऑर्डरच्या आधी विचारायचं. नाव मोठं असलं तरी खात्री नसते. ‘रूम्बा’ हा रोबो व्हॅक्यूम बनवणाऱ्या अमेरिकेच्या आयरोबोट कंपनीलाही डिसेंबर २०२५ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. पुढे बॅटरी बाहेरून घ्यायची वेळ आलीच, तर तिच्यावर बीआयएसचा आयएस १६०४६ हा नोंदणीचा उल्लेख आहे का ते पाहावं. स्वस्तातली बिननावाची लिथियम बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावून झोपणं धोक्याचं आहे. जुनी बॅटरी घंटागाडीत टाकायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार ती गोळा करून पुनर्वापराला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकाची आहे, त्यामुळे ती परत कुठे द्यायची हेही खरेदी करतानाच विचारून ठेवता येतं.