टर्बो मोठा, गिअरबॉक्स तोच!

आयटीतल्या पोरांना पहिली गाडी घेतल्यावर साधारण दोन वर्षांनी एक ताप येतो. ईएमआयची सवय झालेली असते, वॉरंटी संपत आलेली असते आणि यूट्यूबवर कुणीतरी आपल्याच मॉडेलचा टर्बो काढून मोठा बसवलेला असतो. आमच्या टीममधल्या एका मित्राला सध्या हा ताप चढलाय. गाडी सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय, ऑटोमॅटिक. माझं मत सरळ आहे: नको!

तर मंडळी, आधी थोडं इंजिनिअरिंग. टर्बो म्हणजे सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुराच्या जोरावर फिरणारा पंखा. तो इंजिनात जास्त हवा कोंबतो, जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येतं, म्हणजे जास्त ताकद. नुसता मोठा टर्बो बसवून भागत नाही, कारण बूस्ट किती द्यायचा हे ईसीयू ठरवतो. त्यामुळे सॉफ्टवेअरही बदलावं लागतं. इथपर्यंत सगळे बोलतात. पुढे ही ताकद चाकापर्यंत नेणारा जो गडी आहे, त्याला कुणी विचारत नाही.

चाकणला बनलेली ही पोलो २०१३ साली आली. १.२ लिटर इंजिन, १०५ पीएस, १७५ न्यूटन-मीटर टॉर्क आणि ७ गिअरचा डीएसजी. हा गिअरबॉक्स २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलेला. म्हणजे कागदावर ७५ ची जागा शिल्लक! ट्यूनर नेमकं हेच दाखवतो. पण त्याचे दोन्ही क्लच कोरडे आहेत, त्यांना थंड करायला तेल नाही. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये सरकत सरकत जाताना आधीच ते तापत असतात. २०१३ मध्ये फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावून याच गिअरबॉक्समधलं सिंथेटिक ऑईल बदललं होतं, आणि त्रास मुख्यतः उष्ण-दमट हवेत, थांबत-थांबत चालणाऱ्या गाड्यांना होता. त्या गाड्या काही मोठ्या टर्बोच्या नव्हत्या हो!

त्यात आणखी एक गंमत, आपल्या धंद्यातली. क्लच किती दाबून धरायचा हे गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर ईसीयूने कळवलेल्या टॉर्कवरून ठरवतो. स्वस्तातल्या रीमॅपमध्ये ईसीयू सांगतो १८०, आणि प्रत्यक्षात येतात २३०. म्हणजे एपीआय खोटं बोलतंय आणि पलीकडची सिस्टिम त्यावर विश्वास ठेवून बसलीये. परिणाम? क्लच घसरतो, तापतो, झिजतो. २०२० नंतरच्या १.० टीएसआय पोलोत टॉर्क कन्व्हर्टरवाला ६ गिअरचा ऑटोमॅटिक आहे, त्याला तेल आहे. पण गाडी उभी असताना जोरात निघालात तर टॉर्क कन्व्हर्टर इंजिनचा टॉर्क आणखी वाढवून पुढे देतो. म्हणजे गिअरबॉक्सच्या पोटात जाणारा आकडा इंजिनच्या आकड्यापेक्षा मोठा असतो. सर्व्हर दुप्पट केले आणि डेटाबेस तोच ठेवला तर काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

"पण हायवेला ओव्हरटेक करायला मजा येईल की!" हे मित्राचं लाडकं वाक्य. माझं गाव बाभुळगाव, यवतमाळ-धामणगाव रस्त्यावरचं. दिवाळीनंतर त्या रस्त्यावर कापसाने फुगलेल्या गाड्या रांगेने असतात. तिथे ओव्हरटेकला लागते ती १५०० ते ३५०० आरपीएममधली चटकन मिळणारी ताकद. कंपनीचा छोटा टर्बो १७५ न्यूटन-मीटर १५०० आरपीएमलाच देतो. मोठा टर्बो जड, तो फिरायला उशीर लावतो. म्हणजे समोरून एसटी येताना जे हवं, तेच उशिरा मिळणार! शिवाय मे महिन्यात आमच्याकडे ४५ अंश ही नवलाई नाही. २५ अंशांच्या तुलनेत त्या हवेची घनता सुमारे ६ टक्क्यांनी कमी. पॉवर आधीच उतरलेली आणि गिअरबॉक्स तापलेला. आणि समृद्धीवर? तिथे मर्यादाच १२० ची आहे, ती आत्ताची पोलो आरामात गाठते.

आता कायदा. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने गाडीच्या मूळ रचनेत मनाने फेरफार करता येत नाही असा निकाल दिला. त्याच वर्षी मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली: परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. "आरसीवर टर्बो कुठे लिहिलाय?" असं विचारणारे भेटतात. पोलिसाला दिसणारही नाही कदाचित. पण अपघातानंतर इन्शुरन्सचा सर्व्हेअर बॉनेट उघडतो. न कळवलेला बदल सापडला की क्लेम अडकायला एवढं कारण पुरतं, आणि त्या वेळी शेजारच्या सीटवर आई बसलेली असू शकते.

मग करायचं काय? चांगले टायर, चांगले ब्रेक पॅड, वेळेवर सर्व्हिस. ओव्हरटेकच्या आधी लीव्हर एस मोडला टाकून बघा, अर्ध्या लोकांनी तो वापरलेलाच नसतो. फुकट आहे! तेवढ्याने भागत नसेल तर ही गाडी विकून जास्त ताकदीची घ्या. तिचा गिअरबॉक्स तरी तिच्या इंजिनाच्या मापाचा असेल.

मित्राने अजून ऑर्डर दिलेली नाही. "विचार करतो" म्हणालाय. बघू.